ती लाजली नव्हती

लाजवंती म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी साड्यांचं दुकान येतं. काचेमागे मान तिरकी करून उभी असलेली पुतळी, तिच्या अंगावर मोरपिशी काठ, आणि वर दिव्यांच्या अक्षरांत नाव. दुकान नाही तर निदान लाजाळूचं रोपटं. त्यामुळे नऊ-दहा वर्षांची असताना, दोडामार्ग तालुक्यातल्या आजोळी मामाने रात्री जेवणं आटोपल्यावर “लाजवंती बघूक येतंस काय गो?” असं विचारलं, तेव्हा मला वाटलं रात्री उमलणारं एखादं फूल असणार.

मामाच्या हातात तीन सेलची बॅटरी होती. परसाच्या टोकाला बांबूचं बेट, त्याला टेकून काजूचं जुनं झाड. त्याने प्रकाशाचा झोत फांदीवरून सावकाश फिरवला आणि एका जागी थांबवला. आधी नुसते दोन निखारे दिसले, नारिंगी आणि एकमेकांना अगदी चिकटून. मग हळूहळू त्यांच्याभोवतीचं बाकीचं अंग जमा झालं. लिंबाएवढं डोकं, चुलीत घालायच्या काटक्यांसारखे हातपाय, शेपटी नाहीच. वजन केलं असतं तर पावशेर भरलं असतं की नाही कोण जाणे. माकड म्हणावं तर माकड नाही, मांजर तर नाहीच. त्याने आमच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मग, घाई न करता, मान खाली घालून तोंड दोन्ही हातांच्या मधे लपवलं.

“बघ, लाजली,” मामा म्हणाला.

पडवीतून आजी ओरडली, “पुरे झाला आता. घरात येवा!” तिला रात्री झाडांकडे बॅटरी मारलेली आवडत नसे. का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि कोकणातल्या रात्री असले प्रश्न विचारायचे नसतात.

ती लाजली हे मी पुढची पंचवीसेक वर्षं खरं धरून चालले. शाळेत निबंधातही लिहिलं असेन. खरी गोष्ट अशी आहे की रात्री वावरणाऱ्या या प्राण्याच्या, म्हणजे लोरिसच्या, डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. चांदण्यांचा जेमतेम उजेड पडद्यातून एकदा जातो, आरशावर आपटून पुन्हा मागे येतो, आणि त्या दुसऱ्या फेरीतही डोळा त्यातून काही वेचून घेतो. निखारे दिसतात ते त्यामुळे. असल्या डोळ्यात तीन सेलची बॅटरी मारणं म्हणजे वेल्डिंगच्या दुकानासमोर एखाद्याला पापण्या धरून उभं करणं. आमच्या काजूवरचा तो जीव लाजला नव्हता. त्याचे डोळे दिपले होते, आणि समोर दोन मोठे प्राणी उभे असताना त्याने त्याला येत होतं ते केलं: हालचाल थांबवली आणि चेहरा झाकला.

हे वाचल्यावर मला थोडा अपमान झाल्यासारखं वाटलं. मामाचा, माझा, मराठी भाषेचा. मग कळलं की या बाबतीत आपण एकटे नाही.

१७५४ साली कार्ल लिनिअस स्वीडनच्या राजाच्या, अडोल्फ फ्रेडरिकच्या, संग्रहातल्या प्राण्यांचं वर्णन लिहीत होता. जगातल्या झाडा-प्राण्यांना दोन शब्दी लॅटिन नावं देण्याचा सपाटा लावलेला हाच तो माणूस. त्या संग्रहात एक प्राणी होता, सिलोनचा. लिनिअसने त्याला नाव दिलं लेमुर टार्डिग्राडस. टार्डिग्राडस म्हणजे मंद पावलांचा. आणि लेमुरेस म्हणजे रोमन लोकांची भुतं, घराभोवती घुटमळणारे अतृप्त आत्मे. आपण हे नाव का दिलं हेही त्याने लिहून ठेवलं आहे: हे प्राणी मुख्यतः रात्री फिरतात, काहीसे माणसासारखे दिसतात आणि संथ चालीने हिंडतात.

संथ चाल! मादागास्करचे लीमर ज्यांनी पडद्यावर तरी पाहिले आहेत त्यांना इथे थांबावंसं वाटेल. ते उड्या मारतात, जमिनीवर आडवे नाचल्यासारखे पळतात, शेपट्या नाचवतात. संथ चाल त्यांची नाही. ती आमच्या काजूवरच्या त्या जीवाची आहे. सिलोनचा तो नमुना लोरिसचाच होता, आपल्या लाजवंतीच्या सख्ख्या भावंडांपैकी एक. म्हणजे ‘लीमर’ हा शब्द मुळात लोरिससाठी घडवला गेला आणि पुढे मादागास्करवाल्यांच्या नावावर कायमचा चढला. मालक बाहेर, भाडेकरू घरात, अशातली गत. लोरिसला मागाहून जे वेगळं नाव मिळालं तेही काही फार मानाचं नाही. विदूषक किंवा बावळट अशा अर्थाच्या जुन्या डच शब्दावरून ते आलं, असं शब्दकोश सांगतात.

रोमन लोक या भुतांसाठी मे महिन्यात तीन रात्री एक विधी करत. मध्यरात्री घरचा कर्ता अनवाणी उठायचा आणि घेवड्याच्या जातीचे काळे दाणे मागे टाकत टाकत घरभर चालायचा. भुतं येऊन ते वेचतात अशी समजूत. अट एकच, मागे वळून पाहायचं नाही. हे वाचताना मला हसू आलं, कारण तिन्हीसांजेनंतर चढणीच्या वाटेने येताना मागे वळून बघायचं नाही हा नियम मला पाच वर्षांची असल्यापासून पाठ आहे. त्या तीन रात्रींना रोमन लोक लेमुरिया म्हणत. हा शब्द लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

नोकरीमुळे मी गेली चौदा वर्षं बंगळुरूत राहते. या शहरात लोरिस आहेत, हे इथल्याही कित्येकांना ठाऊक नसतं. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातल्या झाडीत त्यांची वस्ती आहे, आणि शहराच्या इतर जुन्या हिरव्या तुकड्यांतही ते आढळतात. साधारण २०१४पासून स्वयंसेवकांच्या मदतीने त्यांची मोजदाद सुरू झाली. मीही काही रात्री गेले. कपाळावरच्या दिव्याला लाल जिलेटिनचा कागद रबर बँडने बांधायचा, कारण लाल उजेडाचा त्यांना तितकासा त्रास होत नाही. मग अगदी हळू चालायचं, बोलायचं नाही, आणि झाडाच्या शेंड्यापासून बुंध्यापर्यंत उजेड पुसत यायचा. पहिल्या रात्री तीन तासांत मी वटवाघळं, एक घुबड आणि चोरून सिगारेट ओढणारी दोन मुलं पाहिली.

दुसऱ्या खेपेला दिसली. लाल उजेडात तिने तोंड लपवलं नाही. अंगठा एकीकडे आणि बाकीची बोटं दुसरीकडे अशी फांदी चिमट्यात धरून ती निघाली होती. एक हात पुढे, पकड बसली याची खात्री, मग मागचा पाय. पान हललं नाही. या प्राण्यांच्या हातापायांत रक्तवाहिन्यांची एक जाळीदार गुंतवळ असते. तिच्यामुळे एकच फांदी तासन्‌तास धरून बसलं तरी स्नायूंना कळ लागत नाही. मी मात्र मान वर करून पंधरा मिनिटांत पाठीला हात लावला. मग तिने एक काम असं केलं की बरोबरच्या कॉलेजच्या पोराने हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला. तळहातावर मूत्र घेऊन तिने ते शांतपणे हातापायांना चोळलं. असं का करतात यावर अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत. एक मत असं की चावऱ्या मुंग्या आणि विषारी किडे खाताना होणाऱ्या दंशापासून त्याने बचाव होतो. आणि खाणं तेच, मुंग्या, वाळवी, भुंगे. मघापर्यंत समाधी लावून बसलेला तो प्राणी एका क्षणात दोन्ही हात फेकून किडा पकडतो आणि मग आंबट कैरी चावल्यासारखं तोंड वेडंवाकडं करत चघळतो. मंद पावलांचा, म्हणे.

आवाराच्या दाराशी बसलेल्या वयस्क पहारेकऱ्याने विचारलं, दिसली का? आणि त्याने जो शब्द वापरला तो मला आजवर ऐकलेल्या सगळ्या नावांत आवडतो. काडुपापा. काडु म्हणजे रान, पापा म्हणजे तान्हं. रानातलं बाळ.

तमिळमध्ये तेवांगु. हडकुळ्या माणसाला चिडवायलाही तिकडे हाच शब्द वापरतात. तिथे या प्राण्याचे फार हाल झाले. रस्त्याकडेच्या ज्योतिष्यांनी त्याला चिठ्ठ्या उचलायला पिंजऱ्यात ठेवलं, वशीकरणवाल्यांनी त्याचे डोळे काढले. एवढे मोठे डोळे म्हणजे त्यांत काहीतरी शक्ती असणारच, हा हिशेब. आणि त्याच तमिळनाडूत, ऑक्टोबर २०२२मध्ये, करूर आणि दिंडिगुल जिल्ह्यांतलं ११,८०६ हेक्टर जंगल खास लोरिससाठी अभयारण्य म्हणून राखलं गेलं. कडवूर. देशात असं पहिलंच. त्याच दिंडिगुलच्या अय्यलूर टेकड्यांत नव्वदच्या दशकाच्या शेवटी अ‍ॅना नेकारिस या संशोधिकेने रात्रीमागून रात्री लोरिसांच्या मागे फिरून नोंदी केल्या. त्याआधी पुस्तकांत एकच शब्द असायचा, एकलकोंडा. नेकारिस यांना दिसलं ते वेगळं. दिवसा ही मंडळी एकमेकांना बिलगून गोळा होऊन झोपतात. रात्री आई पिल्लाला एका फांदीवर बसवून किडे शोधायला जाते, आणि त्या बसवून ठेवलेल्या पिल्लांजवळ ओळखीचे नर येऊन जातात, त्यांच्याशी खेळतात. पाळणाघरच म्हणा.

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मधेच एक व्हिडिओ फिरत आला होता. लोरिसच्याच कुळातला स्लो लोरिस, आपल्या ईशान्येकडे त्याची एक जात आहे आणि हिंदीत त्याला शर्मिंदी बिल्ली म्हणतात, म्हणजे तिथेही तीच लाज. पलंगावर पडलेल्या त्याला कुणीतरी गुदगुल्या करतंय आणि तो दोन्ही हात डोक्यावर उचलून धरतोय. खाली हृदयांची रांग. माझ्या मावसबहिणीने लिहिलं, “अगं किती लाडात आलंय!” हा विषारी प्राणी आहे, प्राइमेट गणातला, म्हणजे माणूस, माकडं, लीमर, लोरिस या सगळ्यांच्या गटातला, एकमेव. त्याच्या कोपराजवळ एक ग्रंथी असते. तिचा स्राव लाळेत मिसळला की चावा विषारी होतो. हात वर करणं म्हणजे ती ग्रंथी तोंडाशी आणणं. बाजारात विकायला ठेवण्याआधी त्यांचे दात कापतात. मी हे सगळं गटावर लिहिलं. त्यानंतर मावसबहिणीने चार दिवस गुड मॉर्निंग पाठवलं नाही.

आता लेमुरिया. १८६४ साली फिलिप स्क्लेटर हा इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ एका कोड्यात अडकला होता. मादागास्करमध्ये लीमर, आणि त्यांचे नातलग थेट भारतात आणि सिलोनमध्ये. मधे अख्खा समुद्र. हे पोहून गेले की काय? त्याने उत्तर काढलं की मधे एकेकाळी मोठा भूखंड असला पाहिजे, जो पुढे बुडाला. नाव ठेवलं लेमुरिया. भुतांवरून प्राण्याचं नाव आणि त्या प्राण्यावरून बुडालेल्या खंडाचं नाव, ते नेमकं रोमनांच्या भुतं घालवायच्या रात्रींचंच निघालं. मग त्या खंडावर ज्याला जे हवं ते त्याने वसवलं. जर्मनीच्या हेकेलने तिथे मानवजातीचा पाळणा हलवला, गूढवाद्यांनी तिथे अवाढव्य आदिमानव चालवले, आणि विसाव्या शतकात तमिळ अभिमानाने त्यातच आपलं बुडालेलं कुमरी कंडम पाहिलं.

मजा अशी की स्क्लेटर पूर्ण चुकला नव्हता. भारत आणि मादागास्कर खरोखरच एकमेकांना चिकटलेले होते. पण सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी ते सुटे झाले, आणि तेव्हा लीमर नावाचं काही जगात नव्हतंच. खंड बुडाला नाही. तो उत्तरेकडे चालत आला आणि आपण त्यावर राहतो. लीमरांचे पूर्वज नंतर केव्हातरी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, पुरात वाहून निघालेल्या झाडझाडोऱ्यावर बसून, चारशेहून अधिक किलोमीटरची खाडी ओलांडून मादागास्करला लागले असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. कल्पना करायला बसलं की झोप येत नाही. एखादी गाभण मादी, अंगाचं मुटकुळं करून ओंडक्याच्या ढोलीत निपचित पडलेली, वर ऊन, खाली खारं पाणी, आणि तिला ठाऊकही नाही की तिच्या पोटात एका बेटाची सगळी माकडं आहेत. माकडं म्हणायचं नाही खरं तर, पण मराठीत दुसरा शब्द कुठे आहे?

त्या बेटावर त्यांचे शंभराहून जास्त प्रकार झाले. तीस ग्रॅमचा उंदीर-लीमर आहे. गोरिलाएवढाही होता, पण माणसं बेटावर आल्यानंतर तो संपला. धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत २०२० साली १०७ जातींपैकी १०३ धोक्यात होत्या. मला मात्र त्यातल्या दोघांची गोष्ट सोडवत नाही. एक आय-आय. कावळ्याच्या पिसांसारखे काळे केस, मोठे कान, आणि मधलं बोट विणायच्या सुईसारखं बारीक. त्या बोटाने तो खोडावर टकटक करतो, पोकळ आवाज आला की लाकूड कुरतडतो आणि तेच बोट आत घालून अळी ओढतो. सुतारपक्ष्याचं काम. पण गावकऱ्यांच्या समजुतीत तो ज्याच्याकडे बोट दाखवेल तो मरतो, म्हणून दिसला की त्यालाच मारतात. दुसरा इंद्री, काळा-पांढरा, शेपटी नुसती नावाला. सकाळी त्याचं कुटुंब मिळून गातं आणि ते गाणं दोन किलोमीटरवर ऐकू जातं. त्यात माणसाच्या संगीतासारखी मोजून मापून लय असते असं २०२१मध्ये संशोधकांनी दाखवलं. त्याचं तिथलं नाव बाबाकोटो, नात्यातलं नाव, बापजाद्यांपैकी कुणाला तरी हाक मारावी तसं. त्याला मारणं कित्येक गावांत ‘फादी’, म्हणजे निषिद्ध. एकाच बेटावरचे दोघे भाऊबंद. एकाच्या वाट्याला यमदूताची गोष्ट आली, दुसऱ्याच्या वाट्याला पूर्वजाची. दोघांनी ती मागितली नव्हती. आणि हेही खरं की जंगल तोडून भातशेतीसाठी जाळलं जातं तेव्हा बाबाकोटोचं झाडही जळतंच. तिथे नाव उपयोगी पडत नाही.

या सगळ्या कुळाला पुस्तकांत एक शब्द हमखास चिकटवलेला असतो. आदिम. हा शब्द मला लाजवंतीपेक्षाही खुपतो. जणू आपण गाडी पकडून पुढे गेलो आणि हे फलाटावर बसून राहिले. खरे आदिम प्राइमेट पाहायचे असतील तर सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत जावं लागेल. तिथे सुमारे ५.४५ कोटी वर्षांपूर्वीची चिमुकली हाडं सापडली आहेत, त्यांचा आणि आपला असे दोन फाटे फुटल्याच्या खुणा अजून नीट उमटायच्या आहेत अशा काळातली. त्या फाट्यानंतर लोरिसच्या वाट्याला जेवढी वर्षं आली तेवढीच आपल्याही आली. त्यांनी ती रात्रीवर खर्च केली. ओलं नाक ठेवलं, खालचे पुढचे दात फणीसारखे करून घेतले, पायाच्या दुसऱ्या बोटावर केस विंचरायला नख ठेवलं. आणि क जीवनसत्त्व अंगातच तयार करण्याची विद्या त्यांनी टाकली नाही. ती टाकली आपण. म्हणून दर हिवाळ्यात मोरावळा करणारी माझी आई ही प्रगत जमात, आणि काजूवरची ती आदिम.

मागच्या मे महिन्यात आजोळी गेले होते. मामा आता अठ्ठ्याहत्तरचा आहे. समोरचा अख्खा डोंगर रबराचा झालाय, शिस्तीत रांगा, खाली अननस. जवळच तिलारीचं जंगल २०२०मध्ये राखीव म्हणून घोषित झालं, पण परसांना कुणी राखीव करत नाही. बांबूचं बेट आहे. काजूही आहे. मधून मात्र आता डांबरी रस्ता गेलाय आणि रस्त्यावरून विजेची तार. लोरिस उडी मारत नाही. फांदीला फांदी लागलेली असली तरच पलीकडे जातो. नाहीतर जमिनीवर उतरतो, किंवा तार धरतो.

रात्री जेवल्यावर आम्ही परसात गेलो. मी मामाला नावांची सगळी कर्मकहाणी सांगितली. भूत, विदूषक, रानातलं बाळ, लाज बिज काही नसते, वगैरे. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “नाव कित्याक होया ता? हाक मारलंस तर येतला काय?”

मी बॅटरी वर केली. बांबूच्या शेंड्याजवळून काजूच्या वरच्या फांदीपर्यंत, तारेपासून लांब, काथ्याचं जाड दावं ताणून बांधलेलं होतं. एवढ्या उंचावर कपडे कोण वाळत घालतं, मी विचारलं. मामाने उत्तर दिलं नाही. कधी बांधलं, वर कोण चढलं, तेही सांगितलं नाही. माझ्या हातातली बॅटरी घेऊन त्याने ती बंद केली.

आम्ही अर्धा तास काळोखात उभे होतो. मग डास फार झाले म्हणून आत आलो.